‘बिविल्डर’ : एका इंग्रजी क्रियापदाचा परिचय

वसतिगृहात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याची पहिल्या आठवड्यातील अवस्था सांगण्यास इंग्रजीतील ‘बिविल्डर’ या क्रियापदाइतका नेमका शब्द आम्हांस दुसरा सुचत नाही. कोणताही एक नियम कठीण नसतो. पण सारे नवे एकदम अंगावर आले की दिशाच हरपते.

‘विल्डर’ या जुन्या क्रियापदाचा अर्थ वाट चुकविणे. रान या अर्थाच्या ‘विल्डरनेस’शी त्याचे नाते आहे. त्यास ‘बि’ हा उपसर्ग लागून सतराव्या शतकात ‘बिविल्डर’ रूढ झाले. उच्चार मात्र ‘बिवाइल्डर’ नव्हे. आपल्याकडे रानात चकवा लागतो आणि माणूस फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो, तोच हा भाव. पालीतील ‘मूळ्ह’ हा शब्दही असाच आहे. उपदेशाने संतुष्ट झालेला श्रोता सुत्तांच्या अखेरीस म्हणतो की, वाट चुकलेल्यास मार्ग दाखवावा तसे झाले. तेथे वाट चुकलेला तो ‘मूळ्ह’; आणि ‘मोह’ हा शब्दही त्याच धातूचा. पायांची वाट चुकणे आणि मतीची वाट चुकणे यांत ना इंग्रजीने भेद केला, ना पालीने.

आता उपयोग. येथेच आमचे विद्यार्थी अडखळतात. मराठीत ‘मी गोंधळलो’ म्हणताना कर्ता मीच असतो. ‘बिविल्डर’चा अर्थ गोंधळणे नसून गोंधळविणे असा आहे, ते सकर्मक आहे. म्हणून ‘आय बिविल्डर्ड’ एवढेच म्हटले तर वाक्य अपुरे राहते, आणि ‘आय अ‍ॅम बिविल्डरिंग’ म्हटले तर मीच इतरांना गोंधळवितो असा भलताच अर्थ होतो. ‘द रूल्स बिविल्डर्ड मी’ किंवा ‘आय वॉज बिविल्डर्ड बाय द रूल्स’ ही शुद्ध रूपे. दोन वस्तूंची गल्लत करणे या अर्थी मात्र ‘कन्फ्यूज’च हवे, तेथे ‘बिविल्डर’ चालत नाही.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न आम्ही मानीत नाही. ज्याच्या घरात इंग्रजी प्रथमच येत आहे, तो मुलगा परीक्षेनंतर ‘मी गोंधळलो’ म्हणतो आणि सारा दोष स्वतःकडे घेऊन गप्प बसतो. इंग्रजीतील कर्तरी वाक्य त्याला गप्प बसू देत नाही. कोणी गोंधळविले, हे त्याला सांगावेच लागते. म्हणून ‘आय’ने आरंभ होणारे उत्तर आम्ही वर्गात स्वीकारीत नाही. ‘द थर्ड क्वेश्चन बिविल्डर्ड मी’ असे त्याने म्हणावे लागते. मग तिसरा प्रश्न फळ्यावर येतो.