कासव दाखवण्याची हमी देणाऱ्यांपासून जपा

राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवून लिहिणं मला जमणारही नाही. फेब्रुवारीत आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूरमधली काही कुटुंबं मिळून कोकणात कासवं बघायला गेलो. वेळासला गावातल्या घरी राहायचं, सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात जाताना बघायची, एवढंच ठरलं होतं. सहल नेणाऱ्याने जाहिरातीत ‘कासव दिसण्याची शंभर टक्के हमी’ दिली होती. पैसे भरण्याआधीच मी त्याला विचारलं, ही हमी कशी देता? अंड्यातून पिल्लू बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात, वाळू तापली तर लवकर, गार असली तर उशिरा. तारीख कोण सांगणार? त्याचं उत्तर माझ्या फोनमध्ये अजून आहे: ‘सर, तुम्ही फक्त या, बाकी आमच्यावर सोडा.’

बागमांडल्याच्या फेरीबोटीवर त्याने सांगितलं, वेळासला जागा मिळाली नाही. गाडी दुसऱ्याच किनाऱ्यावर नेली. त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावाचा दोष नाही. उतरलो ते थेट वाळूला लागून असलेल्या रिसॉर्टवर. रात्रभर दिवे समुद्राकडे तोंड करून जळत होते. तेव्हाच मी बोललो. ‘सुरक्षेसाठी लागतात’, आयोजक म्हणाला.

मध्यरात्री दारं वाजली. ‘चला, कासव आलंय!’ किनाऱ्यावर गेलो तर आधीच माणसांचं कडं झालेलं. मधे मादी. मागच्या वल्ह्यांनी एकदा या बाजूची, एकदा त्या बाजूची वाळू उकरत होती. खड्डा अर्धाच झाला होता. आयोजक तिच्या तोंडासमोर मोबाइलचा दिवा धरून मुलांना पुढे बोलावत होता, ‘हात लावा, काही करत नाही ती.’ मी मोठ्याने म्हटलं, दिवे बंद करा, मागे सरा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, ‘सर, तुमच्या बीडला समुद्र आहे का? आम्ही दर वर्षी दाखवतो.’

तेवढ्यात तिची वल्ही थांबली. ती वळली आणि एकही अंडं न घालता पाण्यात गेली. लोक ‘गेली, गेली’ म्हणत मागे धावले, तेही दिवे घेऊन. आयोजक माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बघा, दिसलं ना? पैसे वसूल.’ त्याची हमी म्हणजे काय, हे मला त्या वाक्याने कळलं. किनाऱ्यावर कुणीतरी नजर ठेवून असायचं, मादी वर आली की फोन यायचा आणि हा माणसं घेऊन धावायचा. एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालायला आलेला जीव त्याने आमच्या पैशांसाठी परत पाठवला.

समुद्र नाही म्हणे! आमच्या बीड जिल्ह्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. विणीच्या काळात जनावराच्या जवळ जायचं नाही, हे बालाघाटातल्या पोराला शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आपल्या खर्चाने वेळासला गेलो. 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी इथली घरटी राखली, आता वनविभागही आहे. अंडी कुंपणातल्या हॅचरीत पुरलेली, त्यावर टोपल्या. सकाळी घरटी सांभाळणाऱ्या कासवमित्राने एकेक टोपली उचलून पाहिली आणि सरळ सांगितलं, ‘आज काही नाही.’ संध्याकाळी थोडी पिल्लं निघाली. दोरीमागे उभं राहून, आवाज न करता बघितली. माझ्या मते तीच खरी सहल.

आता जाणाऱ्यांसाठी.

पैसे भरण्याआधी विचारा: मुक्काम कुठल्या गावात, कुणाच्या घरी? पिल्लं कासवमित्र सोडणार की तुम्ही? आणि ‘रात्री कासव दाखवता का?’ हा प्रश्न मुद्दाम टाका. ‘हो’ म्हणाला, तर तिथेच व्यवहार संपवा. सगळं लेखी घ्या. माझ्याकडे लेखी होतं, म्हणून निदान भांडता तरी आलं. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

निघण्याआधी गावातल्या होमस्टेला स्वतः फोन करा. पिल्लं निघतायत का, ते खरं सांगतात. हाताशी दोन मुक्काम ठेवा, आणि पिल्लं दिसली नाहीत तरी कुरकुर करू नका.

अंधारात किनाऱ्यावर फिरू नका. मादी अचानक समोर आलीच, तर दिवा विझवा, जागीच थांबा, तिच्या पुढ्यात जाऊ नका. फ्लॅश तर नकोच. पिल्लं उजेडाकडे जातात. रात्री समुद्राकडचं क्षितिज उजळ असतं म्हणून ती पाण्यात पोचतात. तुमचा दिवा त्यांना उलट दिशेला, कुत्र्यांच्या आणि कावळ्यांच्या तोंडी नेतो.

पिल्लाला उचलून पाण्यात ठेवू नका. वाळूवरून त्याला स्वतःच्या पायांनी जाऊ द्या. वाळूत गाडी घालू नका. चाकाच्या चरात पिल्लू अडकतं आणि खाली घरटं असेल तर वाळू दबते. कचरा करू नका, हे वेगळं सांगायला नको.

ही कासवं ऑलिव्ह रिडले जातीची; ही जात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला त्रास देणं किंवा अंड्यांना हात लावणं हा गुन्हा आहे. असा प्रकार दिसला तर वाद घालत बसू नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा. आयोजकाशी भांडून मला अपमानाशिवाय काही मिळालं नाही.

आणि कुणी म्हणालंच की एका मादीने काय फरक पडतो, तर त्याला बागेश्रीची गोष्ट सांगा. 2023 मध्ये गुहागरला पाठीवर उपग्रह यंत्र बसवून सोडलेली ही मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरापर्यंत गेली. एवढा समुद्र पोहणाऱ्या जिवाला आपल्या किनाऱ्यावर रात्रीचा तासभर अंधार हवा असतो. तो देता येत नसेल, तर कोकणात जाऊ नका. आणि शंभर टक्के हमी देणाऱ्याबरोबर तर मुळीच जाऊ नका.