सुट्टीतला वाढपी

समजा, तुमची अकरावीची परीक्षा संपली आहे. अमरावतीचे ऊन तापले आहे आणि सुट्टी लांबलचक आहे. राजापेठेतील एका खानावळीत माशांचे जेवण मिळते. तेथे तुम्हाला वाढप्याचे काम मिळाले. वाढपी म्हणजे पंगतीत किंवा टेबलावर जेवण वाढणारा.

पहिलेच गिऱ्हाईक विचारते, "मासा ताजा हाये काय, भाऊ?" ही आपली वऱ्हाडी बोली. घरी तुम्ही 'मछली ताज़ी है' असे म्हणता. मराठीत मात्र 'मासा' पुल्लिंगी आहे, म्हणून 'मासा ताजा आहे'. 'मासळी' हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून 'मासळी ताजी आहे'. 'मासा ताजी आहे' म्हणालात तर लोक हसतील. हसू द्या. चार दिवसांत जीभ वळते. शिवाय 'ताजा' हा शब्द फारसीतून मराठीत आला, तर 'हिशोब', 'बाकी' आणि 'रक्कम' हे अरबीतून. गल्ल्यावरची निम्मी भाषा तुम्हाला आधीच येते!

पण प्रश्नाचे उत्तर काय द्याल? अमरावतीपासून समुद्र फार दूर आहे. पापलेट, सुरमई येथे बर्फात घालून येतात. रोहू, कटला हे गोड्या पाण्यातले मासे. आपल्या जिल्ह्यात मोर्शीजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. अशा जलाशयांत ते मिळतात. तेव्हा सकाळीच आचाऱ्याला विचारून ठेवा, कोणता मासा कधी आला. मालक म्हणेल, "सगळं ताजंच सांग." अशा वेळी खरी परीक्षा असते. "काका, पापलेट बर्फातले आहे. रोहू आज सकाळी आला, तो घ्या," असे नम्रपणे सांगता येते. शिळ्या माशाने माणूस आजारी पडतो. त्यामुळे येथे खोटे बोलणे ही साधी गोष्ट नव्हे.

काम धरण्यापूर्वी पगाराचे बोलून घ्या. किती मिळणार, कोणत्या तारखेला, दुपारचे जेवण मिळेल का, ताट फुटले तर पैसे कापणार का? हे विचारण्यात कसली लाज? तुमचा धाकटा भाऊ मात्र "मलाही घ्या" म्हणाला, तर त्याला घरी पाठवा. हॉटेल आणि ढाब्यांत 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आली. 2016 मध्ये कायदा आणखी कडक झाला.

पूर्वी असे संरक्षण नव्हते. कवी नारायण सुर्वे (1926–2010) यांनी मुंबईत लहानपणी हॉटेलात पोऱ्या म्हणून काम केले. पुढे ते गिरणीत राबले आणि नंतर शिक्षक झाले. त्यांच्या 1966 च्या कवितासंग्रहाचे नावच 'माझे विद्यापीठ' आहे. 1995 मध्ये परभणीच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

सुर्वे यांचे तुमच्या भाषेशीही नाते आहे. कृष्ण चंदर यांचे 'दादर पुल के बच्चे' हे उर्दू पुस्तक त्यांनी 'दादर पुलाकडील मुले' या नावाने मराठीत आणले. तुम्ही ते आधी उर्दूत वाचा, मग मराठीत. सुट्टीतल्या दुपारी, दोनची गर्दी ओसरल्यावर, तेवढा वेळ नक्की मिळतो.