बत्तिसाव्या वर्षी सायकल ठेवताना

गेल्या हिवाळी सत्रात आमच्या क्रॉस-कंट्री संघातला अकरावीचा एक कॅडेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, माझे नाव संघातून काढाल का?" कारण विचारले, तर त्याला नीट सांगता येईना. नडगी दुखते, मन लागत नाही, असे काहीतरी तो पुटपुटला. मी पीटीच्या मास्तराचे नेहमीचे उत्तर दिले: "एवढी हाउसची शर्यत पळ, मग बघू." तो पळाला. तिसरा आला आणि पुढचे सहा आठवडे त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. हाडाला बारीक चीर गेली होती. त्याच्या घरी फोन मीच केला. वडील फौजेतूनच निवृत्त झालेले. ते रागावले नाहीत, फक्त विचारले, "त्याने आधी सांगितले होते का तुम्हाला?" मी "हो" म्हणालो. पुढे बोलण्यासारखे काही नव्हते.

त्यानंतर खेळाडू थांबतो केव्हा आणि ते ठरवतो कोण, याचा मी जरा अभ्यास केला. युनिटच्या संघातून मी काही वर्षे सायकल चालवली होती, म्हणून उदाहरणे युरोपातल्या व्यावसायिक सायकलपटूंची घेतली. त्यांच्याइतका शरीराचा हिशेब क्वचितच कोणाला ठेवावा लागतो. टूर द फ्रान्स म्हणजे 21 टप्पे, मध्ये विश्रांतीचे मोजके दिवस आणि सुमारे 3,400 किलोमीटर अंतर, तेही आल्प्स आणि पिरेनीज पर्वत ओलांडून. आणि ही वर्षातली एकच शर्यत.

विसाव्या शतकात ही टूर पाच वेळा जिंकणारे चौघे: फ्रान्सचा जॅक आंकतील, बेल्जियमचा एडी मर्क्स, फ्रान्सचाच बर्नार्ड इनो आणि स्पेनचा मिगेल इंदुराइन. (सात वेळा जिंकलेला एक अमेरिकनही होता. उत्तेजक द्रव्यांमुळे त्याची सगळी विजेतेपदे 2012 मध्ये काढून घेतली गेली, म्हणून तो आपल्या तक्त्यात नाही.) आंकतील पस्तिसाव्या वर्षी थांबला. उरलेले तिघे थांबले तेव्हा प्रत्येकाचे वय होते 32. मला आधी हा योगायोग वाटला. मग तिघे कसे थांबले ते वाचले.

मर्क्सबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या कॅडेटची गोष्ट त्याच्या गोष्टीशी जुळते. कारकिर्दीत पाचशेहून अधिक शर्यती जिंकलेला हा माणूस 1975 ची टूर जिंकायला निघाला होता. ती सहावी ठरली असती. प्वी द दोमच्या चढावर गर्दीतल्या एकाने त्याच्या पोटात ठोसा मारला. दोन दिवसांनी प्रा लूच्या चढावर बर्नार्ड तेव्हने याने त्याला मागे टाकले आणि पिवळी जर्सी गेली. नंतर दुसऱ्या सायकलशी टक्कर होऊन तो पडला, गालाचे हाड मोडले. थांबा, असा डॉक्टरांचा सल्ला होता. धड चावता येत नव्हते, पातळ अन्नावर दिवस काढावे लागले, तरी तो पॅरिसपर्यंत गेला आणि 2 मिनिटे 47 सेकंदांनी दुसरा आला.

आपल्या शाळेत ही गोष्ट टाळ्या वाजवत सांगितली जाईल. मीही तशीच सांगत असे. पण पुढचे कोणी सांगत नाही. टूर तो पुन्हा कधीच जिंकला नाही. 1976 च्या वसंतात मिलान-सान रेमो सातव्यांदा जिंकला, ती मोठी कामगिरी. पण त्यानंतर उतरणच होती. 1977 च्या टूरमध्ये तो सहावा आला. 1978 मध्ये नवा संघ उभा राहिला, पण मार्चनंतर तो एकाही शर्यतीत उतरू शकला नाही, आणि 18 मे रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. म्हणजे तारीख त्याने जाहीर केली खरी, पण निवडली त्याच्या शरीराने. मोडक्या हाडाने टूर पुरी करणे ही चूक होती, असे पुढे त्याने स्वतःच म्हटले आहे.

इनोची तऱ्हा उलटी. बत्तीस पूर्ण झाले की थांबणार, हे त्याने अनेक वर्षे आधीच सांगून ठेवले होते. लोकांना ती नुसती बोलण्याची गोष्ट वाटली. 1986 ची टूर त्याची शेवटची. त्यात त्याने तीन टप्पे जिंकले, डोंगराचा राजा ठरला आणि एकूण क्रमवारीत ग्रेग लेमाँडच्या मागे दुसरा आला. एवढी ताकद असलेला माणूस आणखी दोन वर्षे सहज खेळला असता. पण 14 नोव्हेंबर 1986 ला त्याला 32 पूर्ण झाले आणि त्याच महिन्यात ब्रिटनी प्रांतातल्या आपल्या मुलखात निरोपाची शर्यत खेळून तो शेतीकडे वळला. शेत आणि गाईगुरे त्याने आधीच पाहून ठेवली होती, हे मला महत्त्वाचे वाटते. उठून जायला जागा असली की उठता येते.

इंदुराइन या दोघांच्या मधला. 1991 ते 1995 सलग पाच टूर जिंकून 1996 मध्ये तो अकरावा आला. त्या वर्षी एक टप्पा त्याच्या व्हियावा गावावरून जात होता. गाव रस्त्यावर स्वागताला उभे आणि हा आघाडीपासून कित्येक मिनिटे मागे. पुढच्याच महिन्यात अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याने टाइम ट्रायलचे सुवर्ण जिंकले. तिथे थांबला असता तर गोष्ट सुंदर झाली असती. पण संघाच्या आग्रहाने, मनाविरुद्ध, तो स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत उतरला आणि कोव्हादोंगाच्या टप्प्यात शर्यतीचा रस्ता सोडून सरळ आपल्या हॉटेलात शिरला. 2 जानेवारी 1997 रोजी निवृत्ती जाहीर केली. तो प्रसंग वाचताना मला माझे "एवढी एक पळ" आठवले.

आता वयाचे. 32 हा काही नियम नाही. रेमोंद पुलिदॉर 1976 च्या टूरमध्ये तिसरा आला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. नेदरलँड्सची अनेमीक फान फ्लूटन चाळिशीत, 2023 मध्ये, थांबली. त्याच्या आदल्या वर्षी ती विश्वविजेती होती. तिची सुरुवात उशिराची. ती फुटबॉल खेळायची, गुडघा दुखावला म्हणून सायकलकडे आली, व्यावसायिक शर्यतीत उतरली तेव्हा पंचविशीत होती. त्या तिघांनी मात्र विशीतच सुरुवात केली होती. मर्क्सची व्यावसायिक वर्षे तेरा भरतात, इनो आणि इंदुराइनची साधारण बारा. म्हणून जन्मापासूनची वर्षे मोजण्याऐवजी खोगिरावर बसल्यापासूनची मोजली तर हिशेब बराचसा जुळतो. पुलिदॉर तिथेही बसत नाही. त्याने सतरा वर्षे काढली. फौजेतल्या घरांना हे मोजमाप नवे नाही. पेन्शनसाठी जवानाची पंधरा वर्षे सेवा धरतात, आणि तुमच्यापैकी अनेकांचे वडील चाळिशीच्या आसपास घरी आले आहेत.

शरीरात काय होते ते थोडक्यात. आधी जातो तो झटका, म्हणजे शेवटच्या दोनशे मीटरचा वेग. दमसास पुष्कळ टिकतो. पण कालचा थकवा आज सकाळी उतरत नाही, आणि तीन आठवड्यांच्या शर्यतीत तेच नडते. शिवाय उतारावर ताशी 80-90 किलोमीटरच्या वेगात अंगावर पातळ जर्सी आणि डोक्यावर हेल्मेट एवढेच असते. दोनदा हाड मोडलेला माणूस ब्रेक जरा लवकर दाबतो. त्या 'जरा'त पुढचा गट निघून जातो.

आणि मन. टॉम ड्युमूलां हा डच सायकलपटू 2017 ची जिरो द'इटालिया जिंकलेला. जानेवारी 2021 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, सराव शिबिर सोडून तो घरी गेला. खांद्यावरून शंभर किलोची सॅक उतरल्यासारखे वाटले, अशा अर्थाचे तो तेव्हा बोलला. पूर्ण पाठसामान घेऊन रूट मार्च केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. काही महिन्यांनी तो परत आला आणि टोकियोत रौप्यपदक जिंकले. म्हणजे थांबणे म्हणजे संपणे नव्हे, असे मी वहीत लिहिणार होतो; पण पुढच्या वर्षी थकवा पुन्हा आला आणि ऑगस्ट 2022 मध्ये, मोसम संपायच्या आधीच, त्याने कायमची रजा घेतली. दोन्ही निर्णय त्याचेच होते.

आता माझ्या रजिस्टरमध्ये प्रत्येक धावपटूपुढे तीन रकाने आहेत: झोप, सकाळी उठल्याबरोबरची नाडी, आणि पळावेसे वाटते का. नाडी नेहमीपेक्षा बरीच चढलेली असली तर त्या दिवशी सराव हलका. नडगीवर एका ठिकाणी बोट दाबल्यावर दुखले तर शर्यत कोणतीही असो, आधी एमआय रूम. तिसऱ्या रकान्यात सलग दोन आठवडे 'नाही' आले तर मी बोलावून घेतो आणि आधी ऐकतो. काही प्रशिक्षक याला लाड म्हणतात. आळशी मुलगा याचा फायदा घेईल, हे खरे आहे; एकदोघांनी घेतलाही. आळस आणि दुखणे वेगळे ओळखणे हे माझे काम आहे, त्या मुलाचे नाही.

अभ्यासासाठी एक गणित देतो. स्पेनचा आलेहांद्रो व्हाल्व्हेर्दे 2002 मध्ये व्यावसायिक झाला, 2018 मध्ये अडतिसाव्या वर्षी विश्वविजेता झाला आणि 2022 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी थांबला. मध्ये 2010 आणि 2011 ही दोन वर्षे उत्तेजक प्रकरणात त्याच्यावर बंदी होती. त्याची खोगिरावरची वर्षे किती धरावीत, आणि बंदीची दोन वर्षे विश्रांती म्हणून मोजावीत का? उत्तर कारणासह, एका पानात, रविवारच्या अभ्यासिकेपूर्वी माझ्याकडे द्यावे. तक्ता लागला तर अकरावीच्या त्या कॅडेटकडे मागा. या लेखातली वर्षे त्यानेच तपासून दिली आहेत. प्लास्टर निघाले आहे, संध्याकाळी तो मैदानावर स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. पुढच्या मोसमात पळणार का, हे त्याने अजून सांगितलेले नाही, आणि मी विचारलेले नाही.