सम्यक स्मृती आणि रक्तदाबाची गोळी



विहारात आनापानसतीला बसू लागल्यावर माझ्या आईने रक्तदाबाची गोळी सोडली. “आता डोकं दुखत नाही, गरगरत नाही. मग गोळी कायले?” असे ती म्हणाली. महिनाभराने आरोग्य केंद्रात मोजले, तर वरचा आकडा १८० निघाला. दोष तिचा नव्हता. ध्यानाने रोग जातो असा तिचा समज झाला होता आणि तो मी, तिच्या शिकलेल्या मुलाने, वेळीच दूर केला नव्हता. म्हणून हा पाठ.

रक्त वाहताना रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो जोर पडतो, तो रक्तदाब. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. बहुधा तो दुखत नाही, खुपत नाही. पण आतल्या आत मेंदू, हृदय व मूत्रपिंडे यांना इजा करतो. पुढे लकवा मारला की घरचे म्हणतात, ‘बाहेरचे लागले.’ गंडेदोरे सोडलेल्या आपण तरी असे म्हणू नये. धम्म ‘एहिपस्सिको’ आहे, म्हणजे या आणि पाहा. बरे वाटते यावर विसंबू नका, मोजून पाहा.

मग स्मृतीचा उपयोग काय? सम्यक स्मृती हे अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग. त्यात मंत्र नाही, देवाचा धावा नाही. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो जाणायचा. राग व चिंता यांनी छाती धडधडते, दाब चढतो. मन निवळले की तो खाली येतो. नित्य अभ्यासाने काहींचा दाब थोडा उतरतो. परंतु अमेरिकेतील हृदयरोग संघटनेनेही २०१७ साली ध्यानाला उपचाराची जोड एवढेच स्थान दिले. उपचाराची जागा दिली नाही.

तथागतांची शिकवण याहून वेगळी नाही. आजारी भिक्खूंना त्यांनी औषधाची अनुमती दिली. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. स्वतः तथागतांवर जीवक वैद्याने उपचार केले. परमपूज्य बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आजारपणात, औषधोपचार घेत पूर्ण केला. १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी पत्नीचे व डॉ. मालवणकरांचे ऋण मानले आहे.

आता घरी काय करावे?

१. डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज ठरल्या वेळी घ्या. कमी करणे वा बंद करणे डॉक्टरांनीच ठरवावे.
२. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्या. श्वास रोखू नका.
३. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी ठेवा. लोणचे-पापडातले मीठही यातच धरा.
४. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण घेतलीच आहे. खर्रा आणि विडीही सोडा.
५. आरोग्य केंद्रात दाब मोजा. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ साली सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यातच आपला वर्धा जिल्हा होता. सरकारी केंद्रात मोजणी व गोळ्या यांना पैसे पडत नाहीत. तो आपला हक्क आहे.

आई आता गोळ्यांची पट्टी बुद्धमूर्तीजवळ ठेवते. आधी गोळी, मग वंदना, मग ध्यान. गोळीचे भान ठेवणे, हीदेखील स्मृतीच.

येत्या पौर्णिमेला हा पाठ घरात मोठ्याने वाचा आणि वडीलधाऱ्यांना विचारा, “आज गोळी घेतली का?”