न दिसणाऱ्यालाही वाचता यावे

वाचकहो, कालपर्यंत सातबारा हाती आला की तुम्ही दुसऱ्याला म्हणत होता, "बाबा रे, एवढं वाचून दाखव." तो सांगेल ते खरे मानावे लागे. आज तुम्ही स्वतः वाचता. केवढी मोकळीक ही!

आता सातबारा मोबाईलवरही पाहता येतो. त्यासाठी पनवेलच्या कचेरीत खेप घालायला नको. सरकारने इंटरनेटवर जागा उघडली आहे. तिला संकेतस्थळ म्हणतात. ती बिनभिंतींची कचेरीच समजा.

पण अंध माणूस ह्या कचेरीत कसा जातो? तो कानांनी वाचतो! मोबाईलमध्ये तशी सोय असते. पडद्यावर बोट फिरवले, की बोटाखाली काय आहे ते मोबाईल बोलून सांगतो.

मग अडते कुठे? बटणाचे नाव आत लिहिलेले नसेल, तर मोबाईल नुसते "बटण" म्हणतो. कसले बटण? कळत नाही. काही ठिकाणी वेडीवाकडी अक्षरे दाखवतात आणि ती ओळखायला सांगतात. न दिसणाऱ्याने ती कशी ओळखावी? मग तो दुसऱ्याला हाक मारतो. बँकेचा गुप्त आकडाही त्याला सांगून बसतो. तिथे फसगतीचे भय असते.

उपाय साधे आहेत. प्रत्येक बटणाला नाव द्यावे. चित्रासोबत त्याची माहिती लिहावी. अक्षरे दाखवावी, तशी ऐकवावीही. बहिऱ्यांसाठी बोलणे लिहून दाखवावे.

ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. पुढे ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेले काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. बँकेच्या कामासाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा, असे सांगत. त्यांनी ते कसे करावे? एका अंध गृहस्थांनीही दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला: अशा सोयी सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

तुमच्या गावात कोणी असा अडला, तर मदत करा. पण त्याचा गुप्त आकडा विचारू नका. कुठे अडले, ते त्या कचेरीला लिहून कळवा. आता लिहिता येते ना?

प्रश्न
१. अंध माणूस मोबाईल कसा वाचतो?
२. बटणाला नाव नसेल तर काय होते?