धोतरातला स्पायडरमॅन : एक अभ्यास

शीर्षक वाचून हसलात ना? मीसुद्धा हसलो होतो. नंतर त्या हसण्याची मला लाज वाटली. ती का वाटली, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे मराठी लिहिताना माझा हात अडखळतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्यावं, ही नम्र विनंती.

मी मूळचा जतचा. शाळेत असल्यापासून स्पायडरमॅनचा कट्टर फॅन. सुट्टीत एका मावसभावाकडे मला 'स्पायडरमॅन : इंडिया'चा जुना अंक मिळाला. २००४ साली गॉथम कॉमिक्सने ही चार अंकांची मालिका काढली होती. चित्रं जीवन कांग यांची. नायकाचं नाव पीटर पार्कर नाही, तर पवित्र प्रभाकर! मेरी जेनची झाली मीरा जैन, नॉर्मन ऑस्बोर्नचा झाला नलिन ओबेरॉय, आणि बेन काकांचे झाले भीम काका. वरती लाल-निळा ड्रेस आणि खाली चक्क धोतर. मी अंक मिटला आणि म्हणालो, "हा माझा स्पायडरमॅन नाहीच."

अण्णा (माझे वडील) शेजारी बसले होते. ते म्हणाले, "आरं, आमच्या वेताळाचं बी असंच की. कापडं बदलली म्हणून मानूस बदलतोय व्हय?"

ओरिजिनल म्हणजे नक्की काय?

अण्णांचा वेताळ म्हणजे ली फॉक यांचा फँटम. अमेरिकेत तो १९३६ साली वर्तमानपत्रात सुरू झाला. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स काढलं. मराठीत येताना फँटमचा वेताळ झाला आणि त्याच्या बेंगाला देशाचं झालं डेंकाली. त्याचा जांभळा पोशाख इटलीत लाल आणि स्वीडनमध्ये निळा असतो. १९९० साली इंद्रजाल बंद पडलं, पण अण्णांना विचाराल तर ओरिजिनल वेताळच, फँटम ही त्याची नक्कल!

आणि जतच्या माणसाला हे नवीन वाटायचं कारणच काय? मार्गशीर्षात आमच्याकडे यल्लम्मादेवीची मोठी यात्रा भरते. माहूरला तीच रेणुका. आजी दोन्हीकडे सारख्याच श्रद्धेने नारळ फोडते. 'यातली खरी कोणती?' असा प्रश्न तिला कधी पडला नाही.

समीकरण आणि सुरुवातीची अट

मग चांगलं रूप आणि वाईट रूप ओळखायचं कसं? इथे मला एम-थ्री उपयोगी पडलं. (होय, त्याच विषयात माझी केटी लागली होती.) डिफरन्शियल इक्वेशन सोडवलं की आधी जनरल सोल्यूशन मिळतं. त्यात एक कॉन्स्टंट मोकळा राहतो. सुरुवातीची अट घातली की त्याची किंमत ठरते आणि पर्टिक्युलर सोल्यूशन मिळतं. अट बदला, ग्राफ बदलेल. इक्वेशन मात्र तेच.

स्पायडरमॅनचं इक्वेशन स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली मांडलं. साध्या पोराला शक्ती मिळते. समोरून पळणाऱ्या चोराला तो 'मला काय त्याचं' म्हणून जाऊ देतो. पुढे तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. तिथून शक्तीबरोबर जबाबदारी येते. शहर, जात, भाषा, कपडे या सगळ्या सुरुवातीच्या अटी.

आता तपासू या. १९७८ च्या जपानी टीव्ही मालिकेत त्याला परग्रहवासीयाकडून शक्ती मिळते आणि तो अवाढव्य रोबो चालवतो. मजा येते, पण इक्वेशनच बदललं. २०११ मध्ये आलेला माइल्स मोरालेस वेगळ्या घरातला, वेगळ्या वर्णाचा. पण जबाबदारीचं ओझं तेच. तो पास. आणि आपला पवित्र? संकटात सापडलेल्या एका बाईकडे तो पाठ फिरवतो. तिला वाचवायला भीम काका धावतात आणि मारले जातात. म्हणजे इक्वेशन शाबूत!

माझी खरी तक्रार

धोतराबद्दल आता माझं काही म्हणणं नाही. तक्रार दुसरीच आहे. पीटर हा सायन्सचा विद्यार्थी. शक्ती कोळ्याने दिली, पण जाळं फेकायचं यंत्र त्याने स्वतःच्या डोक्याने बनवलं. २००२ च्या सिनेमात जाळं थेट मनगटातून यायला लागलं, तेव्हा अनेक फॅन्स याच कारणाने चिडले होते. पवित्रला मात्र सगळं एका योगीबाबाकडून आयतं मिळतं. का बरं? भारतातलं पोरगं म्हटलं की चमत्कारच हवा का? आमच्याकडे बोअरची मोटर जळाली की मिस्त्री झाडाखाली बसून तिचं रिवाइंडिंग करतो. अशा गावातून आलेल्या पोराच्या हातात पकड आणि सोल्डरिंग गन का नको? कपडे भारतीय झाले, पण डोकं काढून घेतलं, हे मला पटत नाही.

२०२३ मध्ये 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या सिनेमात पवित्र परत आला. आता तो मुंबत्तन नावाच्या शहरात राहतो आणि 'चाय टी' म्हणणाऱ्याला 'चाय म्हणजेच टी' असं सुनावतो. हिंदी डबिंगमध्ये त्याला शुभमन गिलचा आवाज आहे. आमच्या हॉस्टेलच्या पोरांनी टीव्ही रूममध्ये शिट्ट्या मारल्या. मीही मारल्या.

आणि शेवटी...

तो जुना अंक मी मागच्या सुट्टीत पुन्हा वाचला. पवित्र खेड्यातून स्कॉलरशिपवर मुंबईच्या शाळेत येतो आणि तिथली पोरं त्याच्या कपड्यांना हसतात. हे पान मी पूर्वी नुसतंच उलटलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये पहिल्या दिवशी मी डोक्याला चपचपीत तेल लावून गेलो होतो, तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. इथे आल्यावर माझ्या "काय की ओ"वर पुण्याची पोरं हसली. आणि गावाकडे गेलो की चुलतभाऊ म्हणतात, "आलं बघा विंग्रजी!" आणि मी मात्र पवित्रच्या धोतराला हसत होतो.

परवा फर्स्ट इयरचा एक ज्युनियर मेसमध्ये ताट घेऊन एकटाच बसला होता. त्याच्या बोलण्याला टेबलावरची पोरं हसली होती. मी ताट उचललं आणि त्याच्यासमोर जाऊन बसलो. एवढंच केलं. तो जुना अंक सध्या त्याच्याकडे आहे. कोणाला वाचायचा असेल तर त्याच्यानंतर नंबर लावावा.

चू. भू. द्या. घ्या.