नंदीचा साज

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, विदर्भात तान्हा पोळा असतो. यवतमाळ जिल्ह्यातील महागावासारख्या गावी मुले आपले लाकडी नंदी झूल, आरसे व घुंगरू लावून मिरवितात. ऐन मिरवणुकीत नंदीचे शिंगच गळून पडले, तर त्याच्या धन्याचे तोंड पाहवत नाही! दोष बहुधा नंदीचा नसतो. चिकटद्रव्य चुकलेले असते.

कागदी झुलीला गव्हाच्या पिठाची खळ पुरते. पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळले, की त्यातील पिष्टकण फुगून खळ चिकट होते. मात्र झुरळांना ती फार आवडते. बाभळीचा डिंकही कागदाला चांगला. परंतु पावसाची एक सर आली, की तो विरघळू लागतो.

मोडलेले शिंग जोडण्यास खळ व डिंक दोन्ही दुबळे. पूर्वी सुतार त्यासाठी सरस वापरीत. जनावरांच्या कातड्यांपासून व हाडांपासून केलेला हा पदार्थ भिजवून, गरम पाण्यात भांडे ठेवून वितळवीत व ऊन असतानाच लावीत. १९५९ साली फेविकॉल आले आणि ती खटपट वाचली. त्यातील पाणी लाकूड शोषून घेते व चिकटद्रव्य लाकडाच्या छिद्रांत घट्ट रुतते. तोवर सांधा हलता कामा नये. म्हणून शिंग सुतळीने बांधून रात्रभर ठेवावे.

आरशाची गोष्ट निराळी. काच पाणी पीत नाही. खालचे लाकूडही तेलरंगाने रंगविलेले असले, तर पाण्याने जावे कोठे? वरून आरसा बसलेला दिसतो, आत मात्र ओलच राहते. यास्तव आरशापुरता रंग काचकागदाने खरवडून उघड्या लाकडावर आरसा बसवावा.